सहकारनगरमधलं साठ वर्षांचं छोटं बैठं घर विकत घ्यावं का? पाहताना नेमकं काय तपासावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: पुण्यात सहकारनगरमध्ये साधारण २,००० चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर १९६०च्या दशकातलं ९०० चौरस फुटांचं बैठं घर, समोर ६ मीटरचा रस्ता. विकणारी तीन भावंडं, त्यातलं एक अमेरिकेत. तुम्हाला तिथे राहायचं आहे, पाडून इमारत उभी करायची नाही. एजंट म्हणतो, "घर शून्य धरा, पैसे जागेचे."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. जुन्या घरांची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझं काम, आणि त्या भागातली अशी बरीच घरं मी आतून पाहिली आहेत. घराच्या वयाला घाबरू नका. काळ्या दगडाचं जोतं, नऊ इंची विटांच्या भिंती, चार खोल्यांवर एक स्लॅब अशी ही बांधणी राखलेली असेल तर अजून बरीच वर्षं चालते. असा व्यवहार फसतो तो कागदामुळे किंवा पाण्यामुळे. आधी ही दोन बघा. फरशी आणि किचन ओटा नंतर.

कागदाचं आधी सांगते, कारण सहकारनगरला त्याचा स्वतःचा इतिहास आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं वाहून गेली, आणि पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्यांना शासनाने जमिनी दिल्या. सहकारनगरमधल्या बऱ्याच सोसायट्या त्यातल्याच. सगळ्या नाहीत, म्हणून सोसायटीच्या नावावरून अंदाज बांधू नका. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरली आहे त्याचा, रकाना वाचा. तिथे शासनाचा भाडेपट्टा किंवा भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींवर दिलेली जमीन) असं काही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. अशा जमिनी वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करून घेण्यासाठी राज्याने नियम केले आहेत, पण त्यासाठी शासनाला रक्कम भरावी लागते. ती रक्कम कोण भरणार हे भाव ठरवण्याच्या आधी बोला. नंतर विषय निघाला की विकणारे हात वर करतात.

दुसरी गाठ सोसायटीची. जमीन सोसायटीच्या नावावर आहे की सभासदाच्या? सोसायटीच्या नावावर असेल तर तुम्ही विकत घेता ते घर आणि प्लॉटचा भाडेपट्ट्याचा हक्क. भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), पट्ट्याची शिल्लक मुदत आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र बघा. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याउपर 'देणगी' मागितली तर लेखी मागा, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

तीन भावंडांबद्दल. कर आकारणीच्या बिलावर थोरल्याचं नाव आहे म्हणून तो मालक ठरत नाही. ते बिल कर भरण्यासाठी असतं, मालकी त्याने सिद्ध होत नाही. वडिलांचं मृत्युपत्र आहे का? नसेल तर सगळे वारस खरेदीखतावर आले पाहिजेत, किंवा बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलेलं पाहिजे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना गृहीत धरण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही, आणि पुढे दावा उभा राहतो तो तिथूनच. अमेरिकेतलं भावंड येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागेल, आणि इथे आल्यावर त्यावर मुद्रांक भरावा लागेल. त्यांच्या हिश्श्यावरचा टीडीएस, म्हणजे पैसे देताना तुम्ही कापून सरकारला भरायचा कर, हाही वेगळा. ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात १ टक्का कापायचा हे निवासी विक्रेत्यापुरतं. अनिवासी विक्रेत्याला दर बराच जास्त आहे, आणि चुकलं तर वसुली तुमच्याकडून होते. सीएला आत्ताच विचारा.

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकीचे जुने दस्त तपासून दिलेला) घ्याच. आणि एक साधी गोष्ट स्वतः करा: मागच्या अंगणात किंवा आउटहाउसमध्ये कोणी राहतं का ते बघा. "आमचे जुने भाडेकरू आहेत, जातील" असं ऐकलं तर थांबा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालचा भाडेकरू घर विकल्यावर आपोआप जात नाही, तो तुमचा भाडेकरू होतो.

आता भाव. "पैसे जागेचे" हे एजंटचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बांधकामाचं मूल्य साठ वर्षांत घसरून फारच थोडं उरतं, हे खरं. पण जागेचा भाव तो बिल्डरच्या हिशोबाने लावतो आहे का, ते बघा. २०२०च्या एकात्मिक विकास नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१० मिळतो, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. म्हणजे तुमच्या ६ मीटरच्या रस्त्यावर २,००० चौरस फुटांवर ढोबळमानाने २,२०० चौरस फूट, वर नियमातलं जास्तीचं क्षेत्र. त्यातही सामासिक अंतरं, म्हणजे चारी बाजूंनी मोकळी जागा, सोडायची. मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटचा दर या प्लॉटला लावणं म्हणजे जे कधी बांधताच येणार नाही त्याचे पैसे मागणं.

मग एजंट म्हणेल, रस्ता ९ मीटर होणार आहे. महापालिकेने ६ मीटरचे बरेच रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये आणला होता, तेव्हापासून हे वाक्य फार ऐकू येतं. तुमचा रस्ता त्यात आहे का, हे महापालिकेत जाऊन विचारा, झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. आणि हिशोब उलटाही करा: रुंदी दोन्ही बाजूंनी सारखी वाढली तर तुमच्या बाजूचे दीड मीटर जातील. प्लॉटची दर्शनी बाजू ४० फूट धरली तर जवळजवळ २०० चौरस फूट, म्हणजे प्लॉटचा दहावा हिस्सा आणि बहुधा पुढच्या अंगणातलं झाड. राहायला घेणाऱ्याला रस्ता रुंद होणं हा फायदा आहे असं मला वाटत नाही. शेजारच्या गल्ल्यांमधल्या अलीकडच्या बैठ्या घरांच्या विक्रीचे इंडेक्स २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, त्यात किंमत असते) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधा. रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाने ठरवलेला, दर मुद्रांकासाठी असतो, बाजारभाव म्हणून वापरू नका.

मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे. घर एकट्या महिलेच्या नावाने घेतलं तर १ टक्का सूट. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

पाणी. हे बघायला पावसाळ्यात, सरी चालू असताना जा. सहकारनगरच्या कडेने आंबिल ओढा वाहतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याने अरण्येश्वर आणि आसपास काय केलं ते तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते तो हात लावून दाखवेल. विकणारे सांगणार नाहीत, शेजारी सांगतात.

घर ओढ्यापासून लांब असलं तरी जोत्याची उंची मोजा. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघते: घर बांधलं तेव्हा रस्त्यापासून जोतं दोन फूट वर होतं. मग दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर डांबर, मग काँक्रीट, आणि आज रस्ता अंगणाच्या वर. फाटकातून आत जाताना पाऊल खाली टाकावं लागतं का, बघा. तसं असेल तर रस्त्याचं पाणी अंगणात, अंगणातलं जोत्यात, आणि भिंतीत खाली दोन-तीन फुटांपर्यंत ओल चढते. मालक त्यावर टाइल्स लावतात किंवा प्लायचं पॅनेलिंग करतात. अशा भिंतीसमोर कपाट असेल तर ते हलवायला सांगा. प्लॅस्टरवर पांढरे क्षार फुटलेले असतात, बोटाने पावडरीसारखे निघतात. हे दुरुस्त होतं, पण अंगणाचा उतार आणि बाहेरचा नाला सुधारल्याशिवाय नुसतं केमिकल मारून होत नाही.

स्लॅबचं बघा. नवीन रंग दिलेलं किंवा पीओपी मारलेलं छत मला नेहमी खटकतं. न्हाणीघराच्या वरचा भाग, छज्जे आणि पाण्याच्या टाकीखालची जागा, गंजलेलं लोखंड आधी इथे दिसतं. लहान हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर पोपडा सुटलाय. हे प्राथमिक झालं. पैसे द्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रिबाउंड हॅमर (काँक्रीट किती घट्ट आहे) आणि हाफ सेलची (आतलं लोखंड गंजण्याची शक्यता किती) चाचणी करून घ्या. एकूण किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. चौकटी सागवानी असतील तर खालच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून वाळवी बघा. वायरिंग आणि नळाच्या जुन्या जीआय लाइन्स पूर्ण बदलाव्या लागतील असंच धरून चाला. ड्रेनेज शेजारच्या प्लॉटमधून जात नाही ना, चेंबर उघडून बघा.

कर्ज काढणार असाल तर बँकेला आत्ताच विचारा. बांधकामाचं उरलेलं आयुष्य मुदतीपेक्षा कमी वाटलं तर ते मुदत कमी करतात. मूळ मंजूर नकाशाही मागतील, आणि मागे एखादी खोली वाढवलेली असेल तर ती बहुधा त्यात नसेल.

हे सगळं होईपर्यंत मोठा विसार देऊ नका. विसार पावतीवर तिन्ही भावंडांच्या सह्या घ्या, आणि धारणाधिकार, शोध अहवाल किंवा कर्जाची मंजुरी यातलं काही अडलं तर अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत, हे वाक्य त्यात लिहून घ्या. ते लिहायला नकार दिला तर का, हे विचारा. मिळकत पत्रिका मिळाली की धारणाधिकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते इथेच कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.