बायपासच्या कागदावर 'अ‍ॅसिडोसिस, बायकार्ब दिलं' असं आहे. वडिलांच्या जुन्या पित्तामुळे झालं का?

नाही, पित्ताचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या वडिलांच्या कागदावरचा अ‍ॅसिडोसिस, म्हणजे आम्लता वाढणं, रक्तातला आहे, पोटातला नव्हे. मी सांगली-मिरज भागात ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवतो, त्यामुळे हे नेहमी बघतो. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) 7.35 ते 7.45 एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. मशीनवर रक्त फिरत असताना शरीराच्या एखाद्या भागाला ते कमी पडलं की तिथल्या पेशी लॅक्टिक आम्ल तयार करतात. शिवाय मशीनच्या नळ्या आधी सलाइनसारख्या द्रवाने भरलेल्या असतात, त्याने रक्तातलं आम्ल शमवणारं बायकार्बोनेट, म्हणजेच बायकार्ब, पातळ होतं. म्हणून साधारण दर अर्ध्या तासाला सिरिंजमध्ये थोडं रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी, करतो. कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला (त्यानेही आम्लता वाढते) तर ऑक्सिजनेटरचा, म्हणजे मशीनमधल्या कृत्रिम फुफ्फुसाचा, गॅस वाढवायचा, काही मिनिटांत उतरतो. बायकार्बोनेट कमी असेल तर मात्र आधी पंपाचा फ्लो, बीपी, हिमोग्लोबिन बघायचं आणि मगच बायकार्ब. नाहीतर आकडा सुधारतो, कारण तसंच राहतं. ही नोंद म्हणजे कुणाची चूक झाली असं अजिबात नाही. फक्त आयसीयूत लॅक्टेट (वर सांगितलेल्या लॅक्टिक आम्लाचं रक्तातलं प्रमाण) तासागणिक चढत गेलं असेल तर त्याचं कारण सर्जनना जरूर विचारा. आणि हो, बायकार्ब म्हणजे खायचा सोडाच, पण म्हणून घरी वडिलांना सोडा-पाणी देऊ नका. त्यातलं सोडियम हृदयाच्या पेशंटला बाधतं.