गर्दीच्या हॉटेलात जेवण उशिरा आलं, चुकीचं आलं, वर सर्व्हिस चार्जही लावला. वेटरवर ओरडलो. माझं चुकलं का?

चिडलात ते बरोबर होतं. ज्याच्यावर चिडलात तो माणूस चुकीचा होता.

मी पुण्यात एका शाकाहारी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नऊ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा कॅप्टन म्हणून, म्हणजे वेटरांच्या वरचा माणूस. आता ती लाइन सोडली आहे आणि रविवारी तुमच्यासारखाच सहकुटुंब बाहेर नंबर लावून उभा असतो. तुम्ही लिहिलंय की रविवारी रात्री पाच जण होतात, टेबल मिळाल्यावर जेवण यायला चाळीस मिनिटं लागली, मागून आलेल्यांना आधी वाढलं, पनीरच्या भाजीऐवजी दुसरीच भाजी आली आणि बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे आणि वेटरच्या हातात त्यातलं फारच थोडं असतं.

आधी ते 'मागून आलेल्यांना आधी' प्रकरण, कारण यावरून मी सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्यात. बाहेरून किचन एक दिसतं, आत तीन दुकानं चालतात: इंडियन, तंदूर आणि चायनीज. तुमची ऑर्डर म्हणजे केओटीची (किचन ऑर्डर टिकेटची) चिठ्ठी, ती तिन्हीकडे फुटते. इंडियनवाला उस्ताद चिठ्ठ्या एकेक करून बनवत नाही. समोर दहा चिठ्ठ्या लटकत असतील आणि त्यातल्या चारांवर पनीर बटर मसाला असेल, तर तो एकाच कढईत चारही काढतो. चौथी चिठ्ठी तुमच्यानंतर आलेली असली तरी ती भाजी आधी बाहेर पडते. तुम्ही काहीतरी वेगळं मागवलं असेल, तर तुमच्या भाजीला कढई मोकळी व्हायची वाट बघावी लागते. तो पक्षपात नसतो, पण मेन्यूकार्डवर हे कोणी छापत नाही.

आणि खरं सांगू का, भाजीला वेळ लागतच नाही. लाल, पिवळी, पांढरी ग्रेव्ही सकाळीच पातेली भरून तयार असते. ऑर्डर आली की कढईत ग्रेव्ही, मसाला, पनीर, वरून क्रीम, पाच मिनिटांत भाजी पासवर. (पास म्हणजे किचनची ती खिडकी किंवा कट्टा, जिथून आम्ही ताटल्या उचलतो.) अडतं ते तंदुरापाशी. आमच्याकडे दोन तंदूर होते. एकाच्या भिंतीला एका वेळी आठ-नऊ रोट्या लागायच्या आणि दोन मिनिटांत निघायच्या. म्हणजे दोन्ही तंदूर न थांबता चालले तर मिनिटाला आठ-नऊ रोट्या. आता रविवारी रात्री साडेआठला चाळीस टेबलं जवळजवळ एकदम भरतात. टेबलामागे आठ रोट्या धरल्या तरी तीनशे वीस. तुम्हीच भागाकार करा. तुमची ती चाळीस मिनिटं बहुतेक इथेच गेली. त्यातून मधेच कोणाच्या पनीर टिक्क्याच्या सळ्या आत गेल्या की तेवढी जागा रोट्यांची गेली.

हे कळलं की ऑर्डर द्यायची पद्धत बदलते. 'रोट्या नंतर सांगतो' म्हणणारं गिऱ्हाईक नंतर रांगेच्या शेवटी उभं राहतं. पहिला हप्ता भाजीबरोबरच सांगायचा आणि तो टेबलावर आला की लगेच दुसरा. संपल्यावर सांगाल तर भाजी गार होईपर्यंत नुसते बसाल. लहान मुलं भुकेली असतील तर आधी दाल आणि जीरा राइस मागवा. भात आणि डाळ तयारच असते, फक्त फोडणी द्यायची. पाच जणांत सात प्रकारच्या भाज्या मागवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पण उस्ताद आत काय बोलतो ते मी ऐकलेलं आहे.

आता चूक कुठे असते ते सांगतो, आणि माझीच सांगतो.

एका रविवारी सव्वानऊच्या सुमारास माझ्या सेक्शनमधलं चौदा नंबरचं टेबल. आजी-आजोबा, मुलगा, सून, दोन नाती. ऑर्डर घेऊन पंचवीस मिनिटं झालेली. मुलाने मला दोनदा हाक मारली, मी दोन्ही वेळा 'बस, पाच मिनिटं साहेब' म्हणून पुढे गेलो. आत जाऊन बघितलं नाही. बघायला वेळ नव्हता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. तिसऱ्यांदा सूनबाई स्वतः उठून गल्ल्यापाशी आल्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "बाबांनी घरून निघतानाच इन्शुलिन टोचून घेतलंय. त्यांना आता घाम यायला लागलाय. काहीही चालेल, पण लगेच द्या."

मी सरबताच्या काउंटरवरून ग्लासभर साखरपाणी घेऊन धावलो. मागोमाग आमच्या स्टाफच्या जेवणातला वरणभात. आजोबांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि तो टेबलावर टकटक वाजत होता, तो आवाज मला अजून आठवतो. दहा मिनिटांत ते सावरले. मग मी आत गेलो. चौदा नंबरची चिठ्ठी दुसऱ्या टेबलाच्या चिठ्ठीच्या पाठीला चिकटलेली होती, ग्रेव्हीचा थेंब पडून. उस्तादला ती दिसलीच नव्हती. पंचवीस मिनिटं त्यांची ऑर्डर कोणी बनवतच नव्हतं आणि मी बाहेर 'पाच मिनिटं' वाटत फिरत होतो.

बिल मालकांनी घेतलं नाही. निघताना आजोबा मलाच म्हणाले, "अर्धा तास लागेल म्हणाला असतात तर बाहेरून केळं आणून खाल्लं असतं हो." बस. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून माझं मत असं की हॉटेलवाल्याचा खरा गुन्हा उशीर हा नाही. गर्दीत उशीर होणारच, आणि लोक तो समजून घेतात. दारात पाऊण तास नंबर लावून उभे राहतात ते काय उगाच? गुन्हा आहे न बघता वेळ सांगण्याचा. मी त्या दिवसानंतर 'पाच मिनिटं' हा शब्द सोडला. 'तंदूरला वेळ आहे, वीस मिनिटं लागतील, तोवर पापड देऊ का' असं सांगायला लागलो. काही जण उठून गेले. बाकीचे शांत बसले.

तुम्ही पुढच्या वेळी काय कराल? वीस मिनिटं झाली की वेटरला विचारू नका. तो पोरगा बहुधा तीन महिन्यांपूर्वी गावाहून आलेला असतो, त्याच्याकडे सहा टेबलं असतात आणि किचनमध्ये त्याला कोणी विचारत नाही. वेगळ्या रंगाचा शर्ट किंवा कोट, हातात पॅड किंवा टॅब, तो कॅप्टन. त्याला बोलवा आणि 'किती वेळ' असं विचारू नका, कारण उत्तर 'पाच मिनिटं' हेच येणार. असं विचारा: "आमची केओटी लागली आहे का, एकदा आत बघून सांगता?" या वाक्यात तुम्हाला आतलं कळतं हे त्याला कळतं आणि त्याला पाय उचलावेच लागतात.

चुकीच्या भाजीचं तर अगदी सोपं आहे, दोन घासांत सांगायचं. भाजी बदलून देणं किंवा बिलातून काढणं कॅप्टन-मॅनेजरच्या हातात असतं आणि गर्दीच्या वेळी ते वाद नकोच म्हणून लगेच करतात. वाटी पुसून खाल्ल्यावर 'ही आमची नव्हतीच' म्हटलं की मालक गल्ल्यावरून मान वर करतो, आणि मग तुमचं बाकीचं खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं. तुम्ही भाजी ठेवून घेतलीत आणि बिलाच्या वेळी बोललात असं लिहिलंय. तिथे तुमचं थोडं चुकलं.

सर्व्हिस चार्जच्या बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढल्या: हॉटेलने हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, देणार नाही म्हणणाऱ्याला आत घ्यायला नकार द्यायचा नाही आणि तो मिळवून एकूण रकमेवर जीएसटी तर लावायचाच नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि बराच काळ सगळे त्या स्थगितीकडे बोट दाखवत होते. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना वैध ठरवल्या. तेव्हा 'आमच्याकडे पॉलिसी आहे' या उत्तराला आता अर्थ नाही.

तुमचं जेवण १,८४० रुपयांचं झालं म्हणता. त्यावर दहा टक्के म्हणजे १८४, बेरीज २,०२४, त्यावर पाच टक्के जीएसटी १०१ रुपये २० पैसे. एकूण २,१२५. नुसत्या जेवणावर जीएसटी ९२ रुपये, एकूण १,९३२. म्हणजे १९३ रुपये जास्त गेले, त्यातले नऊ कराच्या नावाखाली. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के हा दर १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधी एसी हॉटेलात अठरा टक्के होता, त्यामुळे अजून काही जण अठरा ऐकूनही मुकाट पैसे देतात. बिल हातात आल्यावर मॅनेजरला सांगायचं की हा चार्ज काढून नवीन बिल द्या. बहुतेक जण काढतात, कारण बाजूची टेबलं ऐकत असतात. नाहीच काढला तर पैसे भरा, बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा, तोही बघून ठेवा.

त्या चार्जमधलं वेटरला किती मिळतं हे पूर्णपणे मालकावर असतं. आमच्याकडे चार्ज नव्हता, टिपचा डबा होता. बडीशेपेच्या ताटलीत येईल ते सगळं डब्यात, रात्री शटर ओढल्यावर वाटणी, भांडी घासणाऱ्या मावशींनाही त्यात हिस्सा. सध्या सगळे मोबाइलवर स्कॅन करून निघून जातात आणि तो डबा रिकामा राहतो, असं जुने सहकारी सांगतात. सर्व्हिस आवडली तर रोख ठेवत जा, दहा-वीस का होईना.

राहिला तुमचा प्रश्न, त्या मुलाला सॉरी म्हणावं का. तुम्ही त्या हॉटेलात पुन्हा जाणार आहात असं लिहिलंय, म्हणून विचारताय ना? मग रविवारी जाऊ नका, सोमवार-मंगळवारी आठच्या आत जा. टेबलं रिकामी असतात, तंदूर नुकता तापलेला असतो आणि त्या मुलाला दोन मिनिटं उभं राहून बोलायला सवड असते. फार भाषण देऊ नका. नाव विचारा आणि ऑर्डर त्यालाच द्या. तो तुम्हाला ओळखेल, आम्ही ओरडणारी टेबलं विसरत नाही.