राजमार्ग उलटा चालावा: प्रागविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही पती-पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक, येत्या मे महिन्यात प्रागमध्ये दोन दिवस राहणार आहोत. सहल कंपनीच्या घोळक्यात, झेंड्यामागून धावत फिरण्याची आमची इच्छा नाही. परंतु वाटाड्याविना हिंडलो तर नुसत्या सुंदर इमारती पाहून परत येऊ आणि त्यांच्यामागचे काहीच कळणार नाही, अशी भीती वाटते. पत्नीचे गुडघेही दुखतात. कोणता मार्ग धरावा?

उत्तर: आपली भीती रास्त आहे. प्रागच्या जुन्या भागात पाहण्यासारख्या वास्तू इतक्या दाटीने उभ्या आहेत की हातात यादी घेऊन निघालेला माणूस दुपारपर्यंत थकतो आणि संध्याकाळी त्याला कोणते चर्च कोठे होते हेही आठवत नाही. म्हणून माझा आग्रह असा की वास्तूंची यादी करण्याऐवजी एकच कथा निवडावी आणि ती ज्या ठिकाणी घडली त्या ठिकाणांवरून चालावे. प्रागमध्ये १६१८ च्या बंडाची आणि त्यातून पेटलेल्या युद्धाची कथा आयतीच सापडते, आणि ती सुरू झाली तेथून पाहू गेल्यास वाटही उताराची लागते.

बोहेमियाचे, म्हणजे जुन्या चेक राज्याचे, राजे राज्याभिषेकासाठी ज्या वाटेने जात, ती दारूगोळ्याच्या जुन्या वेशीपासून निघून जुन्या नगराचा चौक आणि चार्ल्स पूल ओलांडून किल्ल्यावर चढते. बहुतेक प्रवासी आजही त्याच दिशेने, म्हणजे चढत जातात. आपण मात्र २२ क्रमांकाच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सच्या थांब्यापर्यंत वर जावे आणि तेथून किल्ला, त्याच्या पायथ्याची माला स्त्राना ही वस्ती, पूल आणि चौक असे उतरत यावे. अंतर जेमतेम तीन किलोमीटर भरेल, परंतु त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. या वाटेवर बहुतेक ठिकाणी दगडी फरसबंदी आहे. तिच्या गोलसर दगडांना चेक लोक ‘मांजरीची डोकी’ म्हणतात, आणि पावसात त्यांवरून पाय सटकतो. त्यामुळे उतारावर चांगल्या पकडीचे, जाड तळव्याचे बूट हवेतच.

किल्ल्याचे आवार विनातिकीट पाहता येते. आतल्या वास्तूंना तिकीट लागते. सेंट व्हिटस कॅथेड्रल पाहाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे की त्याचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. तेथे फार वेळ रेंगाळू नये, असे मी कचरत का होईना, पण सांगतो. कारण आपली कथा शेजारच्या जुन्या राजवाड्यात सुरू होते. तेथील व्लादिस्लाव दालनाच्या छताकडे पाहताना मान दुखेपर्यंत खाली घालवत नाही. दगडी फासळ्या वेलींसारख्या वळत, एकमेकींत गुंतत छतभर पसरल्या आहेत. घोडेस्वारांच्या स्पर्धांसाठी घोडे थेट या दालनात आणता यावेत म्हणून बाजूला खास रुंद, बुटक्या पायऱ्यांचा जिना बांधलेला आहे.

या दालनाला लागून पूर्वीच्या कचेरीच्या खोल्या आहेत. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी स्लावाता आणि मार्टिनित्स या हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राटाच्या दोन कॅथलिक प्रतिनिधींना, आणि त्यांच्यासोबत फाब्रिसियस नावाच्या चिटणिसाला, येथल्या खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले. कॅथलिकांच्या मते मेरीमातेने त्यांना झेलले, तर विरोधकांच्या म्हणण्यानुसार ते उकिरड्यावर पडले. त्या खिडकीपाशी उभे राहून खाली पाहावे. खोली साधी आणि लहान आहे, आणि युरोपला तीस वर्षे होरपळवणाऱ्या युद्धाची ठिणगी अशा जागी पडली, हे मनाला पटायला थोडा वेळ लागतो.

तेथून नेरुदोवा रस्त्याने खाली उतरावे. (या रस्त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.) माला स्त्रानाच्या चौकातून आपण चार्ल्स पुलावर याल. पुलाचा पाया १३५७ मध्ये चौथ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत घातला गेला. लांबी ५१६ मीटर असून दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत, त्यांपैकी बरेचसे आता प्रतिकृती आहेत. सर्व पुतळ्यांची नावे वाचत बसू नये. सरळ पलीकडच्या टोकाला, जुन्या नगराच्या बाजूच्या बुरुजापर्यंत जावे आणि त्याची आपल्याकडे असलेली बाजू नीट पाहावी: ती जवळजवळ उघडी आहे. नंतर कमानीखालून पलीकडे जाऊन मागे वळून पाहावे. त्या बाजूला राजांच्या आणि संतांच्या मूर्ती, ढाली आणि नक्षी यांची रेलचेल आहे. एकाच बुरुजाच्या दोन बाजूंत एवढा फरक पडला तो १६४८ मध्ये. स्वीडिश सैन्याने माला स्त्राना जिंकून पुलावर हल्ला चढवला, तेव्हा जुन्या नगरातील रहिवाशांनी आणि विद्यार्थ्यांनी हा बुरूज लढवला आणि शत्रूला नदी ओलांडू दिली नाही. तोफा धडधडत होत्या त्या बाजूची शिल्पे त्यांत गेली. वर खिडकीशी पेटलेले युद्ध त्याच वर्षी तहाने संपले, आणि त्याच्या अखेरच्या लढायांपैकी एक या पुलावर झाली. तीस वर्षांचे हे अंतर आपण सकाळभरात उतरून आलेले असता.

येथून जुन्या नगराच्या चौकाकडे जाणारा कार्लोवा रस्ता अरुंद असून गर्दीने कोंदलेला असतो. शेजारच्या क्लेमेंटिनुम या जुन्या जेसुइट विद्यालयाची अंगणे दिवसा जाण्या-येण्यासाठी खुली असतात. त्यांतून गेल्यास शांतता मिळते. शिवाय याच इमारतीत १७७५ पासून रोजच्या तापमानाची नोंद अखंड ठेवली जात आहे, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

चौकात जुन्या नगरभवनाच्या पूर्वेकडील भिंतीपाशी आल्यावर मान वर करण्याऐवजी खाली पाहावे. फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस बसवले आहेत. १६१८ चे बंड करणाऱ्यांचा ८ नोव्हेंबर १६२० रोजी शहराबाहेरील पांढऱ्या टेकडीच्या लढाईत पराभव झाला, आणि २१ जून १६२१ रोजी या जागी सत्तावीस जणांना देहदंड देण्यात आला. त्यांत तीन उमराव, सात सरदार आणि सतरा नागरिक होते. त्यांपैकी बारा जणांची शिरे आपण नुकताच पाहिलेल्या त्या पुलाच्या बुरुजावर दहा वर्षे टांगून ठेवली होती. भिंतीवरील फलकावर सत्तावीसही नावे कोरलेली आहेत. शेकडो माणसे रोज त्या क्रूसांवर पाय ठेवून नगरभवनाच्या खगोलीय घड्याळाकडे जात असतात, कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपण तेथे दोन मिनिटे बाजूला उभे राहावे, ही माझी विनंती आहे.

गुडघ्यांनी हार मानली तर पुलाच्या दोन्ही टोकांजवळ ट्राम मिळते. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी चालावा. कथा तुटत नाही.

प्रश्न: प्रागमध्ये घरांवर दोन-दोन क्रमांक दिसतात, एक लाल पाटीवर आणि एक निळ्या. गेल्या खेपेस आम्ही चुकीचा क्रमांक धरून अर्धा तास भटकलो. हा काय प्रकार आहे?

उत्तर: लाल पाटीवरचा क्रमांक हा घराच्या नोंदणीचा आहे. मारिया थेरेसा राणीच्या आदेशाने १७७० मध्ये ही पद्धत सुरू झाली. घरे ज्या क्रमाने नोंदली गेली त्या क्रमाने आकडे पडत गेल्यामुळे लाल क्रमांक ३०० च्या शेजारी भलताच आकडा सापडू शकतो. शिवाय प्रत्येक विभागाची मोजणी स्वतंत्र असते, आणि म्हणूनच त्या पाटीवर विभागाचे नावही असते. निळ्या पाटीवरचा क्रमांक त्या रस्त्यापुरता, ओळीने असतो. वाट शोधताना निळाच पाहावा. व्ल्तावा नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर हे क्रमांक साधारणतः नदीच्या बाजूने सुरू होतात आणि नदीला समांतर रस्त्यांवर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. एवढे लक्षात राहिले तर नकाशा न उघडताही नदी कोणत्या अंगाला आहे ते कळते.

क्रमांक येण्यापूर्वी घरे ओळखली जात ती दारावरच्या चिन्हांनी, आणि ती पाहण्यासाठी नेरुदोवासारखा रस्ता नाही. निळ्या १२ क्रमांकाच्या घरावर तीन व्हायोलिने आहेत, कारण येथे व्हायोलिन घडवणारे कुटुंब राहत असे. वर चढणीकडे ४७ क्रमांकाच्या घरावर दोन सूर्य आहेत. एकोणिसाव्या शतकातील चेक लेखक यान नेरुदा यांचे बालपण या घरात गेले आणि रस्त्याला नाव मिळाले ते त्यांचे. मुले सोबत असतील तर त्यांना चिन्हे शोधायला लावावे. पाय दुखत असल्याची तक्रार बराच वेळ ऐकू येत नाही.

प्रश्न: खगोलीय घड्याळासमोर आम्ही वीस मिनिटे गर्दीत उभे राहिलो. खिडक्या उघडल्या, काही बाहुल्या सरकल्या आणि एका मिनिटात सगळे संपले. आमची निराशा झाली. आम्ही काही चुकीचे पाहिले का?

उत्तर: आपण चुकीच्या वेळी पाहिले, असे मी म्हणेन. तासाच्या ठोक्याला येशूच्या शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या, मूर्ती खिडक्यांतून फिरतात आणि मृत्यूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. हा देखावा पुष्कळ नंतरची भर आहे. खरा चमत्कार तबकडीत आहे, आणि तो दिवसभर गर्दीविना पाहता येतो. कदान गावच्या मिकुलाश नावाच्या कारागिराने हे यंत्र १४१० मध्ये घडवले. ठोका संपून लोक पांगले की पुढे व्हावे आणि सोनेरी हात असलेला काटा शोधावा. तो रोमन आकड्यांवर आपल्या ओळखीची वेळ दाखवतो. तोच काटा बाहेरच्या काळ्या कड्यावरील जुन्या वळणाच्या सोनेरी आकड्यांवर जुनी चेक वेळ दाखवतो. या पद्धतीत दिवस सूर्यास्तापासून मोजला जाई, म्हणून ते कडे वर्षभर हळूहळू मागेपुढे सरकत राहते आणि चोविसाचा आकडा सूर्यास्ताच्या जागी आणून ठेवते. काट्यावरील सूर्य आतल्या वक्र रेषांमध्ये कोठे आहे ते पाहिल्यास तिसरी वेळ कळते. तीत उजेडाच्या काळाचे बारा भाग पाडलेले असतात, त्यामुळे उन्हाळ्यात तास लांब होतो आणि हिवाळ्यात आखूड. दुसऱ्या काट्यावर चंद्राचा गोळा आहे. तो अर्धा काळा आणि अर्धा चंदेरी असून स्वतःभोवती फिरत कला दाखवतो. त्या दिवशीचा चंद्र आधी तबकडीवर पाहून ठेवावा आणि रात्री आकाशातल्या चंद्राशी ताडून पाहावा.

प्रश्न: पैसे बदलताना आणि ट्राममध्ये फसगत होते असे ऐकले आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: चलन कोरुना आहे, युरो नाही. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, त्यामुळे रोकड थोडीच बदलावी आणि खिडकीपाशी पैसे देण्यापूर्वी हातात नेमके किती कोरुना पडतील हे लिहून मागावे. ‘दलाली शून्य’ या मोठ्या अक्षरांना भुलून मी स्वतः एका खिडकीवर फारच वाईट दराने पैसे बदलले होते. चांगला दर मोठ्या रकमेपुरताच असल्याचे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले होते. २०१९ पासून चेक कायद्याने ग्राहकाला असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क दिला आहे, म्हणून पावती जपून ठेवावी. कागदी तिकीट ट्राममध्ये चढताच, किंवा मेट्रोच्या सरकत्या जिन्यापूर्वी, पिवळ्या यंत्रात एकदाच छापून घ्यावे. छाप नसलेले तिकीट खिशात असूनही दंड होतो.

प्रश्न: योसेफोव या जुन्या यहुदी वस्तीत आपण स्वतःहून फिरणे योग्य आहे का? कोणती पथ्ये पाळावीत?

उत्तर: अवश्य जावे, पण दिवस शनिवार किंवा यहुदी सणाचा नसावा, कारण तेव्हा तेथील संग्रहालये बंद असतात. वस्तीतील बहुतेक जुनी घरे १८९३ नंतरच्या नवरचनेत पाडली गेली. काही सभागृहे (यहुद्यांची प्रार्थनास्थळे, म्हणजे सिनेगॉग), यहुद्यांचे स्वतःचे नगरभवन आणि दफनभूमी तेवढी राहिली. या यहुदी नगरभवनावरील दोन घड्याळांपैकी खालच्या घड्याळावर हिब्रू अक्षरे आहेत आणि ती लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जात असल्याने त्याचे काटेही उलटे फिरतात. दफनभूमीला जागा वाढवून मिळत नसल्यामुळे जुन्या थडग्यांवर माती टाकून नवी केली गेली. काही ठिकाणी असे बारा थर आहेत, आणि सुमारे बारा हजार शिळा एकमेकींना रेलून उभ्या आहेत. शिळांवर ठेवलेले लहान खडे स्मरणार्थ ठेवलेले असतात. ते हलवू नयेत.

पुरुषांनी डोके झाकावे, आवाज खाली ठेवावा. पिंकास सभागृहात मात्र बोलूच नये. त्याच्या भिंतींवर नाझींनी ठार केलेल्या बोहेमिया-मोरावियातील सुमारे ७८,००० यहुद्यांची नावे हाताने रंगवलेली आहेत. आडनाव, मग व्यक्तीचे नाव, जन्मतारीख, शेवटची ज्ञात तारीख, आणि लगेच त्याच कुटुंबातील पुढचे नाव, अशी ती ओळ छतापर्यंत जाते. सगळी वाचता येणार नाहीत. एक कुटुंब निवडावे आणि त्याची नावे सावकाश, अखेरपर्यंत वाचावीत. ही भेट दिवसाच्या शेवटी ठेवावी, कारण तेथून बाहेर पडल्यावर दुसरे काही पाहावेसे वाटत नाही.