बुसानच्या फेज सेन्सर लॅबमध्ये यायचं असेल तर

फेज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू; त्याच्या थराचा रंग सरकला की वाफ ओळखायची, हे आमच्या लॅबचं काम. तुझे प्रश्न तीन: बायोटेकवाल्याला ऑप्टिकल सेन्सरची पीएच.डी. झेपेल का, विषाणू हाताळणं धोक्याचं आहे का, आणि कोरियात बुसानला यावं का.

धोक्याचं आधी. आमचा एम१३ फेज ई. कोलाय या जिवाणूला लागतो, माणसाला नाही. घरी सांगताना 'व्हायरस' शब्द गाळ, म्हणजे झालं. लांबी सुमारे ८८० नॅनोमीटर, जाडी जेमतेम ७, अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती. त्या प्रथिनाच्या जनुकात हव्या त्या पेप्टाइडचा (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचा) संकेत घातला की तो पेप्टाइड अंगभर उगवतो. ठरावीक वाफेवर पकड येते ती इथून.

मग सोन्याचा थर दिलेली पट्टी फेजच्या द्रावणात बुडवून संथपणे वर ओढायची. द्रावणाच्या काठाशी फेज आपोआप ओळीने लागतात, त्यांच्या जुड्या बनतात. ओढण्याचा वेग बदलला की जुड्यांची रचना बदलते आणि पट्टीवर वेगळा रंग उमटतो, तोही रंगद्रव्याशिवाय. वाफ लागली की जुड्या फुगतात, रंग सरकतो, तो कॅमेऱ्याने मोजायचा. अमेरिकेत बर्कलीत २०१४ मध्ये अशाच पट्टीने टीएनटी या स्फोटकाची वाफ ३०० पीपीबीपर्यंत (अब्जात ३०० भाग) ओळखली. त्या पेपरचे पहिले लेखक जिन-वू ओ पुढे पुसान (म्हणजे बुसानच) नॅशनल युनिव्हर्सिटीत आले, म्हणून बुसानचं नाव.

पण हवेतला दमटपणा हीसुद्धा वाफच. जूनअखेर इथला पावसाळा, जांग्मा, सुरू झाला की सकाळची पट्टी दुपारी भलताच रंग दाखवते. तेव्हा प्रोफेसरांना लिहिताना स्तुती आवर आणि थेट विचार: दमटपणाचा परिणाम वेगळा काढायला शेजारी बिनपेप्टाइडची पट्टी ठेवता का? श्वासाच्या खऱ्या नमुन्यावर (श्वासही दमटच) चाचणी होते, की बाटलीतल्या शुद्ध वाफेवरच? दुसऱ्याचं उत्तर 'पुढे बघू' आलं तर दुसरी लॅब शोध.

ऑप्टिक्सचं दडपण नको. थिन-फिल्म इंटरफेरन्स (पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींतून रंग कसा बनतो ते) आणि थोडं पायथन पक्कं कर. फेज वाढवणं, पीईजी या पॉलिमरने खाली बसवणं, टायटर (द्रावणात किती फेज आहेत ते) काढणं हे तुला येतं, फिजिक्सवाले त्यालाच कंटाळतात.

जीकेएस या कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीला चाळिशीच्या आत अर्ज करावा लागतो. त्यात आधी वर्षभर कोरियन भाषा, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी. प्रोफेसरांच्या प्रकल्पातून आलास तर ते वर्ष वाचतं, पण लॅब मीटिंगमध्ये मुक्यासारखा बसशील. मी म्हणेन, वर्ष जाऊ दे.

शाकाहारी असशील तर कुकर आण. किमचीतही बहुधा मासळीचा खार असतो.

मेलचा मसुदा झाला की धाड, बघून देतो.