एच-वन-बीवर असताना, हाताशी थोडेच पैसे असताना अमेरिकेत मल्टी-फॅमिली (अनेक बिऱ्हाडांचं) घर घेऊन सुरुवात करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बॉस्टनजवळ नोकरी आहे, एच-वन-बी व्हिसा आहे, बाजूला साधारण २५,००० डॉलर साठलेत आणि सहा बिऱ्हाडांची इमारत घेऊन भाड्याचं उत्पन्न सुरू करायचंय. त्यातली सहा बिऱ्हाडं आधी डोक्यातून काढा. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला इथे साधं गृहकर्ज मिळतं, पाचवं बिऱ्हाड आलं की ते व्यापारी कर्ज होतं. तिथे बँक तुमच्या पगारापेक्षा इमारतीच्या उत्पन्नाकडे बघते आणि वीस-पंचवीस टक्के रोख मागते. कमी पैशांचा खेळ दोन ते चार बिऱ्हाडांतच आहे, आणि तोही एका बिऱ्हाडात तुम्ही स्वतः राहणार असाल तरच.

आम्ही २०१७ मध्ये बॉस्टनच्याच राज्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात, एक थ्री-डेकर घेतलं. तुम्ही तिकडे गेला असाल तर पाहिलं असेलच: लाकडी, अरुंद, एकावर एक तीन सारखी बिऱ्हाडं, प्रत्येकाला रस्त्याकडे एक व्हरांडा. गिरणी कामगारांसाठी शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली ही घरं. माझ्या आईने फोटो बघून विचारलं, "चाळ घेतलीस होय?" अगदी चूक नव्हतं ते. किंमत ३,३०,००० डॉलर. एफएचए कर्जावर (सरकारी हमी असलेलं, कमी रोख मागणारं गृहकर्ज) साडेतीन टक्के, म्हणजे ११,५५० डॉलर भरले. कर, विमा, कर्जाचा विमा सगळं धरून महिन्याला २,५०० च्या आसपास जायचे, आणि खालच्या दोन मजल्यांचं भाडं मिळून २,३०० यायचं. आम्ही वरच्या मजल्यावर राहिलो, म्हणजे डोक्यावर कोणी नाचायला नको. कागदावर आम्ही दोनशे डॉलरमध्ये राहत होतो. कागदावर.

आता वाईट बातमी. ही वाट तुमच्यासाठी बंद झाली आहे. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. आम्ही घेतलं तेव्हा मीही एच-वन-बीवरच होतो, पण तेव्हा चालायचं. तुमच्या जोडीदाराकडे ग्रीन कार्ड असेल आणि कर्ज त्यांच्या एकट्याच्या पगारावर बसत असेल, तर त्यांच्या नावावर करून बघा. तरी तीन-चार बिऱ्हाडांच्या घराला एफएचएची आणखी एक चाळणी असते: सगळ्या बिऱ्हाडांच्या, तुमच्याही, अंदाजित भाड्याचे ७५ टक्के महिन्याच्या हप्त्याला पुरले पाहिजेत. २०१७ च्या किमतीत आणि चार टक्के व्याजात आमचं घर त्यातून सुटलं. आज तेच घर दुप्पट किमतीला आणि साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर सुटणार नाही, मी गणित करून बघितलंय. दोन बिऱ्हाडांच्या घराला ही चाळणी नाही.

तुमच्यासाठी उरतं ते कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमीशिवायचं कर्ज. स्वतः राहणार असाल तर दोन ते चार बिऱ्हाडांच्या घरालाही फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था) नोव्हेंबर २०२३ पासून पाच टक्के डाउन पेमेंटवर कर्ज चालवून घेते. त्याआधी दोन बिऱ्हाडांना पंधरा आणि तीन-चारना पंचवीस टक्के लागायचे, म्हणजे बदल मोठा आहे. व्हिसावर असलेल्यालाही हे मिळू शकतं, पण प्रत्येक बँक देत नाही. तीन-चार ठिकाणी फोन करा आणि व्हिसाचं पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

पाच टक्के म्हणजे ४,५०,००० च्या घराला २२,५००. तुमचे पैसे इथेच संपले. क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाच्या फी आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा, तो किमतीच्या दोन-तीन टक्के धरा. शिवाय काही महिन्यांचे हप्ते खात्यात शिल्लक आहेत का, हेही बँक बघते. घरून मदत मिळणार असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा: अशा घराला पहिले पाच टक्के सहसा तुमच्या स्वतःच्या खिशातलेच मागतात, आईवडिलांची भेट त्यावरच्या खर्चाला चालते. ती भेटच असल्याचं त्यांच्या सहीचं पत्र लागतं. भारतातून पाठवताना त्यांच्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला आयकर) कापून घेते. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण नेमका क्लोजिंगच्या महिन्यात अडकतो. रक्कम दोघांच्या खात्यांतून वाटून आणि वेळेआधी मागवा.

हे सगळं जमलं तरी माझ्या मते तुम्ही अजून तयार नाही. कारण खरं भांडवल म्हणजे डाउन पेमेंट नाही, तर घर घेतल्यानंतर हाताशी उरलेले पैसे. आमचा घर गरम ठेवणारा बॉयलर पहिल्याच जानेवारीत बंद पडला. बाहेर उणे पंधरा, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ. तेव्हा तीन कोटेशन घेत बसता येत नाही, जो येईल तो म्हणेल ते द्यावे लागतात. आम्ही क्रेडिट कार्डावर दिले आणि त्या दोनशे डॉलरच्या गणिताचं वर्षभराचं कौतुक एका दुपारी संपलं. हातात किमान दहा हजार उरत नसतील तर आणखी एक वर्ष थांबा.

तान्ह्या बाळावरून आठवलं. १९७८ आधीच्या घरात शिशाचा रंग असतो असंच धरून चाला. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर तो काढणं किंवा झाकणं मालकावर बंधनकारक आहे, आणि मूल आहे म्हणून भाडेकरू नाकारताही येत नाही. विकणाऱ्याकडे शिसेमुक्तीचं पत्र आहे का, हे ऑफर देण्याआधी विचारा.

डिपॉझिटमध्ये मी स्वतः माती खाल्ली. पुण्याच्या सवयीने घेतलं आणि आपल्या खात्यात टाकलं. इथे ते राज्यातल्या बँकेत वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवून ३० दिवसांत पावती द्यावी लागते. चुकलात तर तिप्पट भरपाईपर्यंत प्रकरण जातं. माझी भाडेकरू सज्जन होती, तिने नियम छापून आणून दिला, मी दुसऱ्या दिवशी रक्कम परत केली. तेव्हापासून मी डिपॉझिट घेतच नाही, पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं घेतो.

आणखी एक: घर घेतल्यापासून ६० दिवसांत तुम्हाला तिथे राहायला जावं लागतं आणि किमान वर्षभर राहावं लागतं. म्हणून एक मजला रिकामा करून देण्याची अट करारातच घाला. "तो भाडेकरू जाणारच आहे हो" यावर विसंबू नका. आणि व्हिसावर भाडं घेणं हरकतीचं नसलं, तरी त्याचा धंदा कुठून सुरू होतो हे अर्धा तास इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या.

तुमच्या प्रश्नात 'सिंडिकेशन'चाही उल्लेख आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात तेच हे: पन्नास हजार टाका, टेक्ससमधल्या दोनशे बिऱ्हाडांच्या इमारतीत हिस्सा मिळवा. २०२१ मध्ये मीही एकात टाकले. कर्ज बदलत्या व्याजाचं होतं. फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) दर शून्याजवळून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले, आधी आमचं तिमाही वाटप थांबलं, मग "आणखी पैसे घाला" अशी मेल आली. मी घातले नाहीत, आणि पहिलेही परत आले नाहीत. शिवाय जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या अशा योजना साधारणपणे वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न किंवा राहतं घर सोडून दहा लाखांची मालमत्ता असणाऱ्यांसाठीच असतात. पंचवीस हजारवाल्याला कोणी आग्रहाने आत घेत असेल तर का घेतोय, ते विचारा.

या शनिवारी दोन-तीन ओपन हाउस (विक्रीची घरं कोणालाही बघायला खुली असतात ती) बघून या, घेऊ नका, नुसती बघा. बॉस्टन शहर सोडा, वूस्टर, फिचबर्गकडे जा. आत शिरल्यावर एजंट नव्या किचनकडे नेईल, तुम्ही आधी तळघरात उतरा. बॉयलरवरची तारीख, पाइपांना गुंडाळलेलं ॲस्बेस्टॉस, जुन्या चिनीमातीच्या खुंट्यांवरून गेलेल्या वायरी बघा, आणि विजेचे मीटर मोजा. आमच्याकडे मीटर तीन होते, म्हणून आम्ही खूश होतो. मधल्या मजल्याचा एसी आणि फ्रीज आमच्या मीटरवर आहेत, हे जुलैचं बिल आल्यावर कळलं.