भीती, हसू आणि सुतक एका एपिसोडमध्ये बसतं का?

प्रश्न असा आहे: "हॉरर मालिकेच्या एकाच एपिसोडमध्ये भीती, विनोद आणि घरातल्या मृत्यूचं दुःख कोंबलं की खिचडी होत नाही का? कुणाला जमलेलं पाहिलंय का?"

पाहिलंय. 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस' या मालिकेचा सहावा एपिसोड, नाव 'टू स्टॉर्म्स'. पण तो मी कुठे बसून पाहिला हे सांगितल्याशिवाय उत्तर अर्धंच राहील, म्हणून जरा लांबण लागेल. एपिसोडमधलं बरंच काही फुटणार आहे, ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

2019 चा डिसेंबर. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. जिभाऊ, म्हणजे माझे थोरले काका, वारले त्याची नववी रात्र होती. दिवसभर दारावर येणाऱ्यांची रीघ. क्रूझर भरभरून माणसं यायची, बाया गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढायच्या, ओट्यावर टेकल्या की पाच मिनिटांत डोळे पुसून "यंदा कापसाला काय भाव लागला?" असं विचारायच्या. घरात फोडणी बंद, तळण बंद. हिरव्या वांग्यांचा ऐन हंगाम आणि भरीत नाही. जिभाऊ असते तर यावरून त्यांनी स्वतःच्याच सुतकाला शिव्या घातल्या असत्या.

आम्ही पाच चुलत भावंडं. मी पुण्याहून, दोघं सुरतहून भुसावळ पॅसेंजरनं, ताई नाशिकहून, आणि एक गावातच शेती करणारा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्हाला कापसाच्या खोलीत झोपायला धाडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे भाव चढेल या आशेवर वेचलेला कापूस घरातच छतापर्यंत रचून ठेवतात. थंडीत त्यावर पडायला ऊब चांगली, पण अंगाला अशी खाज सुटते की विचारू नका. झोप कुणालाच नव्हती. धाकट्या सुरतवाल्यानं फोन काढला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचा 199 रुपयांचा फक्त मोबाईलवर चालणारा प्लॅन आला होता, तो त्यानं घेतलेला. मालिकेचे एपिसोड उतरवून आणलेले, पाच त्यानं गाडीतच संपवलेले. आम्ही म्हटलं, लाव पुढचा. एवढ्याशा पडद्यावर पाच डोकी.

आता एपिसोडकडे. क्रेन कुटुंब. लहानपणी एका भुताटकीच्या वाड्यात राहिलेली पाच भावंडं, आता मोठी. सगळ्यात धाकटी नेल त्याच वाड्यात मरण पावली आहे. थोरल्या बहिणीचं, शर्लीचं, फ्युनरल होम आहे. म्हणजे लोकांची प्रेतं शेवटच्या दर्शनासाठी तयार करणं हा तिचा धंदा, आणि यावेळी तिनं आपल्याच बहिणीचं प्रेत तयार केलंय. बाहेर वादळ. मधोमध शवपेटी. दुरावलेला बाप बऱ्याच काळानं येतो. दारातून आत येऊन तो मुलांकडे बघतो, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, आणि मोठ्या मुलांच्या जागी लहान मुलं उभी असतात. आणखी फिरतो, पुन्हा मोठी. कुठेही कट नाही. इथे आमच्या ताईनं पहिल्यांदा नाक ओढलं.

जवळपास तासाभराचा हा एपिसोड पाचच लांबलचक शॉटमध्ये घेतलाय. फ्युनरल होम आणि जुना वाडा यांचे सेट एकमेकांना जोडून बांधले होते. बाप एका बोळातून चालत निघतो तो थेट पंचवीस-तीस वर्षं मागच्या वाड्यात पोचतो. नटांनी कित्येक आठवडे तालीम केली होती. दिग्दर्शक माईक फ्लॅनगन. ही माहिती मला नंतर कळली, त्या रात्री फक्त एवढंच जाणवलं की श्वास सोडायला जागाच मिळत नाहीये.

आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नेहमीच्या हॉररमध्ये भीती कटमध्ये असते. रिकामी खोली, कट, थोबाड, किंचाळी. आपणही सरावलेलो असतो, संगीत चढलं की डोळ्यांवर हात. कट काढून घेतला की डोळा स्वतःच कोपरे धुंडाळायला लागतो. भावंडं भांडत असतात पुढे, आणि आपण बघत असतो मागच्या अंधारात. विनोदाचंही तसंच. तिथे कुणी विनोदी पात्र नाही. थिओ नावाची मधली बहीण प्यायलेली आहे, भाऊ-बहिणी एकमेकांना टोमणे मारतायत, जुनी उणीदुणी काढतायत, आणि त्यात मधूनच फस्सकन हसू येईल असं काहीतरी निघून जातं. कट असता तर दिग्दर्शकानं आपल्याला त्या हसण्यातून सोडवून पुढच्या प्रसंगात नेलं असतं. इथे हसताना पेटी फ्रेममध्येच असते.

सुतकाच्या घरात हेच तर होतं. उठून जाता येत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याच शेजारी पंगतीला बसावं लागतं. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या बिलावरून जुंपली होती, कोण आलं, कोण नुसतेच पैसे पाठवून मोकळं झालं, विहिरीवरच्या मोटरीचे पैसे कुणी दिले. हिल हाऊसमध्ये भांडण होतं मोठ्या भावाच्या पुस्तकाच्या पैशांवरून. त्यानं घरच्यांच्या दुःखावर भुताचं पुस्तक लिहून पैसा केलाय, आणि ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांतल्याच कुणी गुपचूप त्या पैशातला वाटा घेतलाय. गावातला आमचा भाऊ पडद्याकडे बघून म्हणाला, "हाई ते आपलंच घर शे." यावर सगळे हसलो, पण जरा जपूनच, कारण मोटरीचे पैसे त्यानंच भरले होते.

मग ते झालं. एपिसोडमध्ये भांडण टिपेला पोचतं, दिवे जातात, आणि पेटी कोसळते. बहिणीचं प्रेत जमिनीवर. नेमक्या त्याच क्षणी आमच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि दारात पांढरं लुगडं, मागून कंदिलाचा उजेड, चेहरा काळा. पाचही जण एकदम किंचाळलो. धाकटा तर कापसात कमरेपर्यंत रुतला.

ती आमची फुई, म्हणजे आत्या होती. खोलीत निळा उजेड लुकलुकताना दिसला म्हणून तिला वाटलं कापसानं पेट घेतला. हातात पाण्याची बादली. आमच्या किंचाळ्यांनी तीच जास्त घाबरली आणि ओरडली, "काय व्हयनं रे? कोन मरी गया?"

नवव्या रात्री. सुतकाच्या घरात.

दोन क्षण कुणीच बोललं नाही. मग थोरला सुरतवाला अगदी आदबीनं म्हणाला, "जिभाऊ, फुई."

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरेचना. फुई बादली ठेवून खाली बसली आणि लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसली, हसता हसता रडायला लागली, मग ताई, मग आम्ही सगळे. ओसरीवरची माणसं उठून आली, त्यांना काय सांगणार? जिभाऊंच्या आठवणीनं पोरं कोलमडली असं समजून एका आजोबांनी आमच्या डोक्यावरून हात फिरवला. ते काही खोटं नव्हतं म्हणा.

फुई गेली नाही. म्हणाली, लावा, मी बी बघते. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण पेटी, बाप आणि भांडणारी पोरं एवढं कळायला भाषा लागत नाही. "मायले बोलाऊ नहीं ऱ्हायनात का?" एवढंच तिनं मधे विचारलं. आई आधीच मेलीये म्हटल्यावर मान हलवली.

एपिसोडचा शेवट सांगतो. वाड्यातल्या जुन्या वादळाच्या रात्री छोटी नेल हरवते. सगळं घर तिला शोधत फिरतं. आणि ती सापडते तेव्हा म्हणते की मी इथेच होते, सगळा वेळ इथेच, हात हलवत होते, ओरडत होते, तुम्ही कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. मग कॅमेरा आजच्या रात्रीत येतो, आणि भुताच्या रूपातली नेल पेटीपाशी उभी असते. कुणालाच दिसत नाही. घाबरवायला काही उडी मारून येत नाही. नुसती उभी.

पहिल्याच एपिसोडमध्ये नेलनं मोठ्या भावाला फोन केलेला असतो आणि त्यानं तो उचललेला नसतो. हे धाकट्यानं तेव्हा आम्हाला सांगितलं, आणि खोलीत जरा विचित्र शांतता झाली.

जिभाऊंना शेवटची काही वर्षं ऐकू येत नव्हतं. कानात मशीन होतं, पण फोनवर त्याचा उपयोग नव्हता. म्हणून ते फोन लावायचे, दोनदा वाजू द्यायचे आणि तोडायचे. बोलायचं नसायचंच. आमच्यात तो चेष्टेचा विषय होता, "जिभाऊंचा मिस्ड कॉल" म्हणजे सगळं ठीक आहे. उलटा फोन करून उपयोग नाही म्हणून कुणी करायचं नाही. ताईनं फोन काढून यादी वर सरकवत नेली. जायच्या आदल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन. माझ्याकडे दोन. सुरतवाल्या दोघांकडेही. आम्ही पाचही जण नऊ दिवस ही गोष्ट आपापल्या खिशात घेऊन फिरत होतो.

फुईनं विचारलं काय बघताय. सांगितलं. ती म्हणाली, "मशीनना शेल सरनात, म्हनीसन करे तो." मशीनचे सेल संपले होते. ते बटणाएवढे सेल आमच्या तालुक्याला मिळतीलच असं नाही, जळगाव नाहीतर धुळे गाठावं लागतं. मागचं स्टिकर सोललं की हवा लागून सुरू होतात आणि रोजच्या वापरात आठ-दहा दिवसांत संपतात, नुसते ठेवले तरी उतरतच जातात. म्हणजे जिभाऊ आम्हाला सेल आणायला सांगत होते, मिस्ड कॉलनं. यावर हसावं की काय करावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या रात्री दोन्ही झालं. आणि हो, 'टू स्टॉर्म्स'मध्ये नेलच्या मिटलेल्या डोळ्यांवर कुणीतरी बटणं ठेवतं. ती दिसल्यावर काय वाटलं असेल ते वेगळं सांगत नाही.

आता मराठीतलं उदाहरण हवं असेल तर 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व, झी मराठी, 2016. तीही सुरू होते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या, अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. मुलं वाड्यात जमतात, वाटण्या, रुसवे, आणि रात्री कसलीतरी चाहूल. माझी आई रात्री साडेदहाला दाराला दुहेरी कडी लावून बघायची. पण तिथे हसू वेगळ्या खणात ठेवलेलं होतं. घरचा विसराळू गडी पांडू आला आणि "इसारलंय" म्हणाला की आपण हसायचं, तो गेला की पुन्हा घाबरायचं. रोजच्या मालिकेला हे चालतं, प्रेक्षकाला दम खायला जागा लागते. मला पांडू अतिशय आवडायचा. तरी दुःख त्यात मागे पडायचं असं माझं मत आहे. अण्णांसाठी कुणी मनापासून रडल्याचं मला आठवत नाही, इस्टेटीचं मात्र सगळं आठवतं. आई म्हणायची, असला वाडा खान्देशात असता तर भुतालाही वाटणीपत्रावर सही करावी लागली असती.

तेव्हा खिचडी कधी होते? तीन रंग तीन वेगळ्या माणसांना वाटून दिले की. एक रडणारा, एक विनोदी, एक भूत. तेच एका माणसात असले तर भांडण होत नाही. फुई त्या रात्री एकाच मिनिटात तिन्ही होती.

बघणार असाल तर थेट सहाव्यापासून सुरू करू नका. आधीचे पाच एपिसोड एकेका भावंडाचे आहेत, ते पाहिले नसतील तर पेटीभोवतीची भांडणं नुसता आरडाओरडा वाटतील. पाचवा तर अजिबात चुकवू नका. हेडफोन लावा. कापसाच्या खोलीत बघत असाल तर घरच्यांना सांगून ठेवा.

पुढची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लॉकडाऊनमध्ये आली. गावी जाता आलं नाही. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, फुईनं जिभाऊंच्या नावाची भरली आणि व्हिडिओ कॉल लावला. रेंज अशी की चित्र सारखं गोठायचं. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आंबे, सांजोऱ्या, पेटत्या गोवरीवर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकून झालेली. ताई म्हणाली, फुई, जरा जवळ घे, आंब्याशेजारी काय चमकतंय? फुईनं फोन जवळ नेला. मशीनच्या सेलचं पाकीट होतं, न फोडलेलं. "आते ऐकू यी त्याले," ती म्हणाली आणि तेवढ्यात रेंज गेली. दोन मिनिटांनी तिचाच फोन आला, दोनदा वाजला आणि तुटला.