सूनबाईंचा कॅरम

प्रश्न : माझी सून लग्नाआधी कॅरमच्या स्पर्धा खेळायची. आता ती 31 वर्षांची आहे, बाळ दीड वर्षाचं. टीव्हीवर बर्फावर दगड सोडून पुढं झाडू मारणाऱ्या बायका बघितल्यापासून 'मी पण परत खेळणार' म्हणायली आहे. त्यातली एक बाळंतपणानंतर सुवर्णपदक जिंकली म्हणे. हे खरं काय? आणि या वयात सुनेनं खेळायचं म्हणजे...
– एक सासूबाई, निपाणी

उत्तर : काकू, खरं आहे. टीव्हीवरचा तो खेळ म्हणजे कर्लिंग, आणि ती खेळाडू कॅनडातल्या विनिपेगची जेनिफर जोन्स, पेशानं वकील. 2012 च्या नोव्हेंबरात तिला मुलगी झाली, त्याच वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रियाही झाली होती. 2013 च्या डिसेंबरात तिच्याच गावी झालेली ऑलिंपिकची निवड स्पर्धा तिच्या संघानं जिंकली आणि 2014 च्या फेब्रुवारीत सोची ऑलिंपिकमध्ये अकराच्या अकरा सामने जिंकून सुवर्ण घेतलं. महिला कर्लिंगमध्ये तोवर एकही सामना न हरता कुणी ऑलिंपिक जिंकलं नव्हतं. तेव्हा ती 39 वर्षांची होती. जगज्जेतेपद 2008 मध्ये मिळालं होतंच, ते 2018 मध्ये पुन्हा मिळवलं, तोवर दोन मुलींची आई होऊन.

त्या खेळात साधारण 19 किलोचा ग्रॅनाइटचा दगड लांबलचक बर्फाच्या पट्टीवरून सोडतात. झाडू कचरा काढायला नसतो. बर्फ घासला की घर्षण कमी होतं, दगड लांब आणि सरळ जातो. ज्यांचा दगड वर्तुळाच्या मध्याशी सर्वांत जवळ, गुण त्यांना. कुठला दगड उडवायचा, कुठला आडोशाला ठेवायचा हे कप्तान ठरवते, आणि ती नजर खेळून खेळूनच येते. स्वीडनची अॅनेट नॉरबर्ग विमा क्षेत्रात गणिताचं काम करायची. 2006 चं सुवर्ण तिनं 2010 मध्ये राखलं, 43 व्या वर्षी!

तुमच्या सूनबाईंचा खेळही नेम आणि डोक्याचाच. शहापुरात मी इतकी वर्षं मुलींना खेळ शिकवते. लग्न ठरलं की मुलगी मैदानावर दिसेनाशी होते, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यातल्या कितीजणींचा खेळ तेव्हा कुठं रंगात येत होता.

तेव्हा बोर्ड माळ्यावर असेल तर खाली काढा. रोज संध्याकाळी तासभर बाळ तुम्ही किंवा मुलानं घ्यायचं, त्या तासात स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. पहिले महिनाभर बोटं ऐकणार नाहीत, तेवढ्यावरून काही ठरवू नका. जिल्हा स्पर्धेची तारीख आत्ताच विचारून ठेवा, समोर तारीख असली की सरावाला टाळाटाळ होत नाही.